पडद्यामागची स्मृती

२०२५ च्या डिसेंबरातली गोष्ट. अकरावीत गेलेल्या भाच्याला घेऊन मी लॅमिंग्टन रोडवर गेलो होतो. (पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, तोंडात अजूनही लॅमिंग्टन रोड.) दहावीला चांगले गुण मिळाले तर संगणक घेऊन देईन, असे त्याच्या आईने कबूल केले होते आणि खरेदीच्या मोहिमेवर मामाची नेमणूक झाली होती. दुकानदाराने भाच्याची यादी वाचली, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाला, "मेमरीचा भाव आजचा सांगतो. उद्याचा विचारू नका, साहेब." असे वाक्य आजवर सराफाच्या पेढीवर ऐकले होते.

यादीत ग्राफिक्स कार्ड होते. त्याच नावाचे, त्याच कंपनीचे कार्ड दोन भावांत मिळत होते. एकावर ८ जीबी मेमरी, दुसऱ्यावर १६. "मामा, सोळाचंच घेऊ या," भाचा कानाशी कुजबुजला. आठ आणि सोळात फरक काय, असे मी विचारले तेव्हा त्याने दिलेले उत्तर मला अर्धेच कळले. उरलेले अर्धे समजून घ्यायला बसलो आणि एका वेगळ्याच हकीकतीत जाऊन पोहोचलो. तिच्यात न्यायालये आहेत, दिवाळखोऱ्या आहेत, आणि त्या दुकानदाराच्या भावफलकाचे कारणही आहे.

संगणकाचा पडदा म्हणजे ठिपक्यांची रांगोळी. १९८७ साली आयबीएमने 'व्हीजीए' नावाची पद्धत आणली, तेव्हा आडवे ६४० आणि उभे ४८०, असे सुमारे ३ लाख ७ हजार ठिपके होते. आजच्या 'फोर-के' पडद्यावर ते ८३ लाखांच्या घरात जातात. खेळ चालू असताना ही रांगोळी सेकंदाला साठ वेळा पुसून नव्याने काढायची. म्हणजे दर सेकंदाला जवळजवळ पन्नास कोटी ठिपके. एका ठिपक्याच्या रंगाला चार बाइट धरले, तरी नुसते अखेरचे चित्र लिहायला सेकंदाला दोन जीबी लागतात. आणि हे झाले फक्त शेवटचे बोट. त्याआधी भिंतीचा पोत कसा, सावली कुठे पडते, झाडामागे उभा असलेला माणूस दिसतो की झाकला जातो, हे ठरवायला प्रत्येक ठिपक्यासाठी मेमरीचे दार अनेकदा ठोठवावे लागते.

म्हणून या मेमरीबाबत दोन प्रश्न असतात: टाकी केवढी आणि नळ केवढा. आपण दुकानात टाकी विचारतो. या धंद्याचा इतिहास मात्र नळावरून घडला आहे.

टाकीची मूळ रचना पन्नास वर्षांहून अधिक काळ बदललेली नाही. आयबीएममधील रॉबर्ट डेनार्ड यांना १९६८ मध्ये तिचे पेटंट मिळाले. एक ट्रान्झिस्टर आणि विजेचा इवलासा साठा करणारा एक कपॅसिटर, एवढ्यावर एक बिट ठेवायचा. साठा असला तर 'एक', नसला तर 'शून्य'. कल्पना इतकी साधी की ती स्वस्तात कोट्यवधी वेळा छापता येते. दोष एकच, ही घागर गळकी आहे. त्यामुळे दर काही मिलिसेकंदांनी (साधारणपणे चौसष्ट) प्रत्येक घागरीत डोकावून ती पुन्हा भरावी लागते. याला 'डीरॅम' म्हणतात. आपल्या फोनमध्ये हीच, प्लेस्टेशनमध्ये हीच, आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड यंत्रांतही हीच. आजवरची भांडणे घागरीवरून झालेली नाहीत. ती झाली नळावरून, म्हणजे घागरीतले पाणी बाहेर कसे आणायचे यावरून.

१९८० च्या दशकात यावर उपाय निघाला तो घागरीला दोन दारे ठेवण्याचा. एका दाराने चित्र काढणारी चिप लिहीत राहणार, दुसऱ्या दाराने पडदा वाचत राहणार, कोणी कोणाचा खोळंबा करायचा नाही. ही 'व्हीरॅम'. काम उत्तम, पण महाग. मग १९९० च्या दशकात नावांची नुसती जत्रा भरली. सॅमसंगची 'डब्ल्यूरॅम' मॅट्रॉक्स कंपनीच्या मिलेनियम कार्डावर १९९५ मध्ये आली. मोसिस कंपनीची 'एमडीरॅम' त्सेंग लॅब्जच्या चिपबरोबर गेली. दोन्ही गुणी होत्या. आज त्यांची नावे फक्त जुन्या संगणकांच्या शौकिनांना आठवतात. टिकली ती 'एसजीरॅम', म्हणजे सर्वसाधारण संगणकातलीच मेमरी, चित्रकामासाठी थोडीशी शिकवून तयार केलेली. ती टिकली, कारण ती अनेक कारखाने करत होते आणि एकाची चिप दुसऱ्याच्या जागी बसत होती.

ती बसावी म्हणून जेडेक नावाची संस्था आहे. १९५८ पासूनची ही अमेरिकी संस्था म्हणजे उत्पादकांची आणि ग्राहक कंपन्यांची एक मोठी समिती. पिना किती, दाब किती व्होल्टचा, कोणत्या ठोक्याला काय करायचे, हे सारे तिथे एकत्र बसून कागदावर ठरते. दोन गावच्या सुतारांनी केलेल्या बिजागऱ्या एकाच दाराला बसाव्यात, एवढाच त्यामागचा हेतू. काम रटाळ आहे. पण स्वस्त मेमरीचे श्रेय शोधायचे तर प्रयोगशाळेइतकेच या रटाळ बैठकांनाही द्यावे लागेल.

याच मेजावर मोठे महाभारत घडले. माइक फार्मवाल्ड आणि स्टॅनफर्डचे प्राध्यापक मार्क होरोविट्झ यांनी १९९० मध्ये रॅम्बस ही कंपनी काढली. तिच्याकडे कारखाना नव्हता, होती ती कल्पना. तारा थोड्या ठेवायच्या, पण त्यांवरून माहिती अतिशय वेगाने धाववायची. कल्पना खरोखरच चांगली होती. १९९६ च्या निन्टेंडो ६४ या खेळयंत्रात रॅम्बसची मेमरी होती, २००० सालच्या प्लेस्टेशन-२ मध्येही होती. १९९९ च्या सुमारास इंटेलने घरोघरच्या संगणकांसाठीही तिची पाठराखण केली. पण ती महाग पडली, कारखानदारांना तिच्यासाठी हक्कशुल्क मोजावे लागे आणि प्रत्यक्ष फायदा भावाच्या मानाने थोडा दिसे. ग्राहकांनी पाठ फिरवली. इंटेलनेही मग डीडीआर या सर्वमान्य मेमरीची वाट धरली.

गोष्ट इथे संपली असती. पण रॅम्बस १९९२ ते १९९६ या काळात जेडेकची सभासद होती. २००० मध्ये तिने मेमरी-कंपन्यांना सांगायला सुरुवात केली की तुमच्या सर्वमान्य एसडीरॅममध्ये आणि डीडीआरमध्येही आमची पेटंटे आहेत, पैसे टाका. बाकीचे म्हणाले, मेजावर आमच्याबरोबर बसलात, मसुदे ऐकलेत, आणि खिशातल्या पेटंट-अर्जांबद्दल चकार शब्द काढला नाहीत. इन्फिनियनशी दावा झाला, हायनिक्सशी झाला, मायक्रॉनशी झाला. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २००२ मध्ये तक्रार दाखल केली, २००६ मध्ये रॅम्बसला दोषी ठरवले. २००८ मध्ये अपील न्यायालयाने तो निर्णय उलटवला. हायनिक्स आणि मायक्रॉन यांच्याशी तडजोड व्हायला २०१३ उजाडले. एक पिढी वकिलांची झाली म्हणायची.

मेजावरचे बाकीचे तरी कुठे धुतल्या तांदळासारखे होते? याच काळात संगनमताने मेमरीचे भाव ठरवल्याबद्दल अमेरिकेत इन्फिनियनने १६ कोटी, हायनिक्सने साडेअठरा कोटी आणि सॅमसंगने ३० कोटी डॉलर दंड भरला. तेव्हा समिती म्हणजे सज्जनांची सभा असे समजायचे कारण नाही. मला वाटते, ती चालते एवढ्याचसाठी की प्रत्येकाला दुसऱ्याची गरज असते. ही गरज संपली की काय होते, ते पुढे पाहू.

चित्रांसाठी खास आखलेल्या मेमरीला 'जीडीडीआर' हे नाव पडले. तिच्या आवृत्त्यांची सगळी वंशावळ सांगत बसत नाही. दुसरी २००३ मध्ये आली आणि तापण्यामुळेच अधिक गाजली. तिसरीची आखणी करण्यात एटीआय कंपनीचा पुढाकार होता, पण ती बाजारात पहिल्यांदा वापरली प्रतिस्पर्धी एनव्हिडियाने, २००४ मध्ये. सर्वांसाठी मानक लिहिले की असे होते. आंबा लावणारा एक, खाणारा दुसरा. चौथी आली तशी गेली.

पाचवी मात्र थांबून पाहण्यासारखी आहे. जून २००८. एनव्हिडियाने जीटीएक्स २८० हे कार्ड ६४९ डॉलरना आणले. त्यात जुनीच तिसरी मेमरी होती, पण चिपपासून मेमरीपर्यंत तब्बल ५१२ तारा टाकून नळ रुंद केला होता. तोवर एएमडीच्या मालकीची झालेल्या एटीआयने त्याच महिन्यात एचडी ४८७० आणले, २९९ डॉलरना. तारा निम्म्या, २५६. पण मेमरी नवी, जीडीडीआर-५. एकाचा प्रवाह सेकंदाला सुमारे १४२ जीबी, दुसऱ्याचा ११५. निम्म्या तारांत ऐंशी टक्के पाणी. महिन्याभरात एनव्हिडियाला आपल्या कार्डाची किंमत ४९९ वर आणावी लागली. घरी खेळ खेळणाऱ्या पोरांचा इतका फायदा क्वचितच कोणत्या समितीच्या कागदाने केला असेल.

आणि ही नवी मेमरी पुरवली कोणी? क्विमोंडा या जर्मन कंपनीने. सीमेन्समधून इन्फिनियन निघाली, इन्फिनियनमधून २००६ मध्ये क्विमोंडा. एचडी ४८७० चा गाजावाजा झाल्यावर सहा-सात महिन्यांत, जानेवारी २००९ मध्ये, ही कंपनी दिवाळखोरीत गेली. मेमरीचे भाव कोसळले होते आणि चांगली चिप बनवणे हा त्यावर इलाज नव्हता. म्युनिकमधले तिचे ग्राफिक्स मेमरीचे काम जपानच्या एल्पिडाने उचलले. एल्पिडा या नावाचा उगम ग्रीक भाषेतल्या 'आशा' या शब्दात आहे. तीही २०१२ मध्ये बुडाली आणि अमेरिकेच्या मायक्रॉनने ती विकत घेतली. म्युनिकच्या दारावरची पाटी अशी पुन्हा पुन्हा बदलली. २०१६ मध्ये जीटीएक्स १०८० कार्डावर आलेली मायक्रॉनची जीडीडीआर-५एक्स याच म्युनिकमध्ये आखली गेली. आज जगात या धंद्यात मोठे म्हणावेत असे तिघेच उरले आहेत: कोरियाच्या सॅमसंग आणि एसके हायनिक्स, आणि मायक्रॉन.

आता दुसऱ्या वाटेकडे वळू. थोड्या तारांवर वेग वाढवत नेला की वीज फार लागते आणि संदेश अस्पष्ट होऊ लागतो. एएमडीला २००८ च्या आसपासच ही भिंत दिसू लागली होती. तिने आणि हायनिक्सने उलटा विचार केला. वेग कमी ठेवायचा, पण तारा हजारोंनी घालायच्या. एवढ्या तारा हिरव्या पट्टीवर मावणार कशा? म्हणून मेमरीच्या चिपा एकीवर एक रचायच्या.

आपला चार पुडांचा स्टीलचा डबा डोळ्यांसमोर आणा. प्रत्येक पूड म्हणजे घासून पातळ केलेली मेमरीची चिप. डब्याला बाहेरून कड्या असतात. इथे पुडांना आरपार सूक्ष्म भोके पाडून त्यांतून उभ्या तारा नेल्या आहेत. सर्वांत खालच्या पुडात भाजी-पोळी नाही, कारभारी बसतो: वरच्यांना काय द्यायचे-घ्यायचे ते पाहणारी चिप. असे डबे मुख्य चिपच्या अगदी शेजारी, सिलिकॉनच्या एकाच पाटावर मांडायचे. हात लांब करावा लागत नाही, म्हणून वीज वाचते. एका डब्याला १,०२४ तारा. हिचे नाव एचबीएम. ऑक्टोबर २०१३ मध्ये जेडेकने तिचे मानक प्रसिद्ध केले. याच सुमारास मायक्रॉनही आपला वेगळा डबा घेऊन उभी होती, 'हायब्रिड मेमरी क्यूब' नावाचा. तो २०१८ मध्ये तिने गुंडाळला.

सात-आठ वर्षांच्या खटपटीनंतर, जून २०१५ मध्ये एएमडीचे फ्युरी एक्स हे कार्ड आले. चार डबे, ४,०९६ तारा, सेकंदाला ५१२ जीबी. प्रतिस्पर्धी जीटीएक्स ९८० टीआयच्या साध्या जीडीडीआर-५ चा प्रवाह ३३६. नळ दीडपट, पण टाकी फक्त ४ जीबीची, कारण पहिल्या पिढीचा डबा एका जीबीहून मोठा होत नव्हता. समोरच्याकडे ६ होती, किंमत दोघांची सारखीच, ६४९ डॉलर. खेळांत फ्युरी एक्स पुढे निघाले नाही. २०१९ पर्यंत आणखी दोन प्रयत्न करून एएमडीने घरच्या कार्डांतून हा डबा काढून घेतला. घरगुती चित्रांसाठी महागातला महाग उपाय नको होता, पुरेसा चांगला आणि स्वस्त हवा होता.

डबा मात्र वाया गेला नाही. एनव्हिडियाने २०१६ मध्ये तो आपल्या पी-१०० या वैज्ञानिक गणनेच्या चिपला लावला, आणि पुढे कृत्रिम बुद्धिमत्तेची लाट आली. भाषा लिहिणाऱ्या या यंत्रांचा स्वभाव असा की एकेक शब्द काढताना त्यांना जणू सारी पोथी पुन्हा चाळावी लागते. म्हणजे पुन्हा नळाचाच प्रश्न. पुण्यात सी-डॅकमध्ये उभा असलेला, नोव्हेंबर २०२० च्या जागतिक यादीत ६३ वा आलेला 'परम सिद्धी-एआय' हा महासंगणक याच जातीच्या मेमरीच्या चिपांवर चालतो. एनव्हिडियाच्या एच-१०० या चिपला ८० जीबी मेमरी आणि सेकंदाला तीन हजार जीबींहून अधिक प्रवाह. एच-२०० ला १४१ जीबी. जन्माने या ग्राफिक्स चिपा, पण त्यांना पडदा जोडायची सोयसुद्धा नाही.

हायनिक्सचे नशीब तर कादंबरीला शोभावे. ह्युंदाईच्या या जुन्या उपकंपनीवर एवढे कर्ज झाले की २००१ मध्ये ती धनको बँकांच्या ताब्यात गेली. एप्रिल २००२ मध्ये तिचा मेमरीचा धंदा मायक्रॉनला विकायचे जवळजवळ ठरले होते. संचालक मंडळाने ऐन वेळी नकार दिला. २०१२ मध्ये एसके समूहाने ती घेतली. आणि २०२५ च्या पहिल्या तिमाहीत, बाजार-अभ्यासकांच्या हिशेबानुसार, तिने डीरॅमच्या उलाढालीत पहिल्यांदाच सॅमसंगला मागे टाकले. ते एचबीएमच्या बळावर, म्हणजे ज्या डब्याला खेळणाऱ्यांनी नाकारले त्याच्या.

दुकानदाराच्या वाक्याचे मूळ इथे आहे. साधी मेमरी आणि एचबीएम, दोन्हींच्या सिलिकॉन चकत्या त्याच कारखान्यांतून निघतात. मायक्रॉनने २०२४ मध्ये सांगितले की तेवढीच माहिती साठवणारी एचबीएम करायला साध्या डीडीआर-५ च्या सुमारे तिप्पट चकत्या खर्ची पडतात. गिऱ्हाईक श्रीमंत, माल तिप्पट जागा खाणारा, कारखानदार तिघेच. २०२५ च्या उत्तरार्धात साध्या मेमरीचे भाव भडकले आणि ३ डिसेंबरला मायक्रॉनने जाहीर केले की 'क्रुशियल' या नावाने सामान्य ग्राहकाला मेमरी विकण्याचा धंदा आपण बंद करत आहोत. याच मायक्रॉनने २०२३ मध्ये गुजरातमधल्या साणंदला कारखाना काढायचे ठरवले, तो चिपांची जुळणी आणि तपासणी करण्यासाठी. मूळ चकत्या तिथे बनणार नाहीत.

घरच्या कार्डासाठीची मेमरी त्यामुळे थांबलेली नाही. मार्च २०२४ मध्ये जेडेकने जीडीडीआर-७ चे मानक प्रसिद्ध केले. तिची युक्ती गमतीची आहे. रेल्वेचा गार्ड कंदील दाखवतो तो लागलेला किंवा विझलेला, दोनच खुणा. २०२० मध्ये मायक्रॉन आणि एनव्हिडिया यांनी जीडीडीआर-६एक्समध्ये या कंदिलाच्या चार पातळ्या केल्या: विझलेला, मंद, मध्यम, प्रखर. एका ठोक्यात दोन बिट गेले. पण मंद कोणता नि मध्यम कोणता, हे धुक्यात ओळखणे अवघड. शिवाय ती जेडेकची मेमरी नव्हती; करणारी एकच कंपनी, घेणारी एकच. नव्या मानकाने एक पाऊल मागे घेतले आणि तीनच पातळ्या ठेवल्या. ढोबळमानाने दोन ठोक्यांत तीन बिट, पण खुणा ठळक. जानेवारी २०२५ च्या आरटीएक्स ५०९० कार्डावर ही मेमरी ३२ जीबी आहे आणि प्रवाह सेकंदाला १,७९२ जीबी. फ्युरी एक्सच्या डब्यांपेक्षा साडेतीनपट, तोही डब्याशिवाय.

आता तिच्याकडेही वरच्या गिऱ्हाइकाचे लक्ष गेले आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये एनव्हिडियाने रुबिन सीपीएक्स नावाची कृत्रिम बुद्धिमत्तेची चिप जाहीर केली, १२८ जीबी जीडीडीआर-७ लावलेली. दुसरीकडे, एप्रिल २०२५ मध्ये एचबीएम-४ चे मानक आले. एका डब्याला २,०४८ तारा, प्रवाह सेकंदाला दोन हजार जीबीपर्यंत. पण त्यातला कारभाऱ्याचा पूड हायनिक्स आता स्वतः न करता तैवानच्या टीएसएमसीबरोबर करते, आणि बडे ग्राहक तो आपल्या मापाने शिवून मागू लागले आहेत. वरचे पूड समितीच्या कागदाप्रमाणे, खालचा खासगी. अशाने एकाचा डबा दुसऱ्याच्या जागी बसेल का? मला शंका आहे. अदलाबदल होते तोवरच भावात घासाघीस होते, आणि इथे तर मागणारे मोजके, देणारे तिघे. रॅम्बसच्या वेळी भांडायला निदान बरेच जण होते.

भाच्याच्या प्रश्नाकडे येतो. ते कार्ड आरटीएक्स ५०६० टीआय. आठचे घ्या की सोळाचे, दोन्हींना तारा १२८ आणि प्रवाह सेकंदाला ४४८ जीबीच. नळ तोच, टाकी दुप्पट. खेळाचे सामान आठात मावले तर फरक जाणवत नाही. मावले नाही तर उरलेले संगणकाच्या मुख्य मेमरीतून, कितीतरी बारीक नळातून आणावे लागते आणि चित्र अडखळते. जीडीडीआर-७ मध्ये तीन जीबीच्या चिपा आल्या आहेत. त्या स्वस्त झाल्या तर आठाच्या जागी बारा मिळतील. कधी, ते दुकानदारालाही माहीत नव्हते.

भाच्याने सोळाचे घेतले. पैसे पुरेनात म्हणून यादीतला फोर-के मॉनिटर रद्द झाला. घरी माझा जुना मॉनिटर होता, तो त्याला देऊन टाकला. वीस लाख ठिपक्यांचा आहे.